मिरजेतली जवारी, आईचा तानपुरा आणि पांढरी एक

आईचा तानपुरा मिरजेतून दुरुस्त करून आणला त्याला आता अडीच महिने झाले. लगेच लिहायचं नाही असं ठरवलं होतं. जवारी काढलेलं, म्हणजे घोडी घासून तारांचा गुंजारव मोकळा केलेलं, वाद्य दुकानातून उचलतो त्या दिवशी गोडच वाजतं. तारा ताणून बसल्या, एखादा पावसाळी आठवडा गेला, रोज तासदोन तास छेडलं, की मग कारागिराचा हात कळतो. मधल्या काळात माझ्या क्लासच्या मुलांचा कार्यक्रमही याच तानपुऱ्यावर झाला. आता खात्रीनं लिहिते.

दुकान सतारमेकर गल्लीत आहे. नाव लिहू का म्हणून विचारलं तर दुकान चालवणारे कारागीर चाचा नको म्हणाले. "फोन वाढतात ताई, हात दोनच हायत." त्यांचा शब्द मोडत नाही. गल्ली मिरजेत कुणीही दाखवेल. आत शिरल्यावर ज्या दुकानात नव्या कोऱ्या सतारींपेक्षा जुनी, गवसणीतली, खुंटीला चिठ्ठी बांधलेली वाद्यं जास्त दिसतील तिथे बसा. दुरुस्तीसाठी मी हीच खूण धरते. लांबलांबची माणसं वाद्य परत पाठवतात ती अशाच ठिकाणी.

आधी वाद्याबद्दल. आई विशारदची तयारी करत होती तेव्हा, १९७८ साली, तिनं हा तानपुरा मिरजेतच घेतला. लेडीज तानपुरा, म्हणजे बेताचा. तार मेरूपासून (दांडीच्या वरच्या टोकाला ती टेकते तिथून) घोडीपर्यंत (खाली तारा पेलणाऱ्या ठोकळ्यापर्यंत) ३५ इंच भरते. पट्टी, म्हणजे सा ची उंची, काळी चार, पेटीवरची चौथी काळी. बारा-तेरा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावातल्या दुकानात तो दुरुस्तीला दिला होता. तिथे घोडी सपाट घासली आणि भोपळ्यावर फर्निचरचं व्हार्निश चढवलं. तेव्हापासून तो वाजायचा, पण बोलायचा नाही. तार छेडली की एक टणत्कार, आणि संपलं. आईनं दोन-चार दिवस प्रयत्न केला, मग गवसणीत घालून माळ्यावर ठेवायला सांगितला आणि मोबाइलवरच्या तानपुऱ्यावर रियाज सुरू केला. या उन्हाळ्यात काढला तेव्हा भोपळ्याला खालच्या अंगाला वीतभर चीर गेलेली होती.

तो काढायचं कारण अमेरिकन रचनाकार टेरी रायली. मी सांगलीच्या विश्रामबागेत गेली बावीस वर्षं कीबोर्ड आणि हार्मोनियम शिकवते. दरवर्षी स्नेहसंमेलनात तीच भावगीतं आणि तीच चित्रपटगीतं बसवतो. या वर्षी मोठ्या मुलांना रायलींचं ‘इन सी’ द्यायचं ठरवलं. विद्यार्थिदशेत पुण्यात मैत्रिणीच्या खोलीवर त्यांचं ‘अ रेनबो इन कर्व्हड एअर’ ऐकलं होतं तेव्हापासून हा माणूस माझ्या मनातून गेलेला नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: ‘इन सी’ १९६४ सालचं, नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोत पहिल्यांदा वाजलं. त्यात ५३ लहान लहान तुकडे आहेत, क्रमांक घातलेले, आणि सगळं मिळून एका पानावर मावतं. वाजवणारे कितीही, वाद्यं कुठलीही. प्रत्येकानं पहिल्या तुकड्यापासून निघायचं, मन भरेपर्यंत तो घोळवायचा, मग दुसरा. पुढे कधी जायचं ते ज्यानं त्यानं शेजाऱ्याचं ऐकून ठरवायचं, फक्त फार पुढे पळायचं नाही की फार मागे रेंगाळायचं नाही. एकजण वरच्या षड्जावर (सा वर) ठेका धरून बसतो. ही ठेक्याची सूचना पहिल्या प्रयोगात वाजवायला बसलेल्या स्टीव्ह राइश यांची, जे पुढे स्वतः मोठे रचनाकार झाले. लिहिलेलं आणि आयत्या वेळी सुचलेलं यांचं इतकं मोकळं लग्न मी दुसरीकडे पाहिलं नाही. आपल्याकडच्या मुलांना तर ते चटकन कळतं. पहिला तुकडा म्हणजे षड्जाचा कण, म्हणजे ओझरता स्पर्श, घेऊन गंधार (ग), इतकंच. मी तो कणस्वर म्हणूनच शिकवला. मध्ये तीव्र मध्यम डोकावतो, अगदी शेवटी कोमल निषाद येतो, आणि सबंध रंग बदलतो. बंदिशीचं तोंड घोळवणं ज्यानं ऐकलंय त्याला यात परकं काही नाही.

आणि सी म्हणजे आपली पांढरी एक. मला वाटलं, खाली एक जिवंत तानपुरा सोडावा. मोबाइलचा लावून पाहिला होता, पण अकरा वाद्यांखाली तो मिनिटभरात भिंतीसारखा होतो. आहे, पण आपण ऐकत नाही.

चाचांनी तानपुरा गवसणीतून काढला, मांडीवर आडवा घेतला आणि तारांना हात न लावता आधी भोपळ्यावर टिचक्या मारत गेले. चिरेजवळ आवाज बदलला तिथे खडूनं खूण. मग व्हार्निशवर नख ओढलं आणि काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या कारागिराला नावं ठेवली नाहीत, हे मला फार आवडलं. "पट्टी कुठली लावणार?" मी म्हटलं, पांढरी एक. त्यांनी मान वर केली.

"आईची कुठली?"

"काळी चार."

"मग ह्याला पांढरी एक कशी देता ताई? खाली उतरवलं तर तारा लोंबतील, जवारी बोलणार नाही. वर चढवलं तर तबली दबंल. पांढरी एक पाहिजे तर जेन्टस् तानपुरा घ्यावा लागंल." तबली म्हणजे भोपळ्यावरची लाकडी फळी.

मागे भिंतीला एक तयार होता. किंमत विचारली, ३४,००० सांगितली. मी हिशेब करत उभी राहिले. लोकांच्या पसंतीला यावं असंच ते वाद्य होतं, आणि दोन वाक्यं जास्त बोलले असते तर मी कदाचित घेतलंही असतं. चाचा म्हणाले, "पोरांच्या कीबोर्डला पट्टी बदलायचं बटण असतंय न्हवं? ते फिरवा. आईचा तानपुरा आईच्याच पट्टीत ऱ्हाऊ द्या." बावीस वर्षं कीबोर्ड शिकवणाऱ्या बाईला हे सुचलं नव्हतं. दुकानदार म्हणून त्यांच्यावर माझा विश्वास बसला तो या क्षणी.

काम दहा दिवसांत देतो म्हणाले. पुढे काय झालं ते सांगते, पण मी दोनदा मुद्दाम जाऊन बसले त्यातलं एक पाहिलेलं आधी सांगायलाच हवं.

जवारी काढणं म्हणजे काय हे मी ऐकून होते, पाहिलं कधी नव्हतं. घोडीचा वरचा पृष्ठभाग सपाट दिसतो, पण सपाट नसतो. त्याला डोळ्यांना न दिसणारा उतार असतो, आणि थरथरणारी तार त्या उतारावर टेकत-सुटत राहते. त्या टेकण्या-सुटण्यातून तो गुंजारव निघतो. चाचांनी तारा उतरवल्या, घोडी हातात घेतली आणि खिडकीकडे तोंड करून डोळ्यांसमोर आडवी धरली. तारांनी पाडलेल्या चार काळ्या रेघा होत्या. "हितं तार बसती, पण उठत न्हाई," म्हणाले. मग बारीक कानस. तीन-चार हात, त्याहून जास्त नाही. घोडी जागेवर, तार चढवायची, सुरात आणायची, छेडायची, मान वाकडी करून ऐकायचं, पुन्हा तार उतरवायची. एका खर्जाच्या, म्हणजे खालच्या सा च्या, तारेसाठी त्यांनी हे चौदा वेळा केलं. मी मोजलं. मधे चहा आला तो निवून गेला. कुणी गिऱ्हाईक आलं तर हातानंच थांब म्हणून खूण.

शेवटी त्यांनी पांढऱ्या सुती दोऱ्याचा तुकडा दातांनी तोडला, तारेखालून घातला आणि घोडीच्या उतारावर हळूहळू वर सरकवू लागले. तांदळाच्या दाण्याएवढं सरकवलं, छेडलं. तार बंद. अजून अर्धा दाणा. आणि तिथे ती उघडली. आवाज छेडल्या जागी विझायचा सोडून पुढे फुलत गेला. आधी खर्ज, मग त्याच्या पोटातून पंचम, आणि मग वरून गंधार उतरला, इतका स्वच्छ की कुणी दुसऱ्यानं गायल्यासारखा. सपाट घोडीवरचा तो एकाक्षरी टणत्कारच लक्षात राहिलेल्या माझ्या कानाला हे एकदम पेलवेना. मी काही क्षण बोललेच नाही. चाचा दोरा बोटानं दाबून म्हणाले, "ह्याला जीव म्हणतात."

तो गंधार कुठून येतो ते त्यांनी मला बोटानं दाखवलं. तारेची लांबी ३५ इंच. तिच्या पाचव्या भागावर, म्हणजे ७ इंचांवर, बोट नुसतं टेकवायचं, दाबायचं नाही, आणि छेडायचं. तार पाच सारख्या भागांत थरथरते आणि गंधारच वाजतो, दोन सप्तकं वर. म्हणजे खर्जाच्या तारेत तो सदैव असतोच. चांगली जवारी त्याला फक्त बाहेर यायला वाट देते. सी. व्ही. रामन यांना या घोडीचं इतकं कुतूहल वाटलं होतं की १९२१ साली त्यांनी आपल्या तंतुवाद्यांवर निबंध लिहिला. तार जिथे छेडली त्या ठिकाणी ज्या उपस्वरांचा (मूळ सुराबरोबर निघणाऱ्या वरच्या सुरांचा) स्थिरबिंदू पडतो ते उपस्वर पाश्चात्त्य नियमानुसार उमटायला नकोत, पण तानपुऱ्यात आणि वीणेत ते उमटतात. कारण तोच, घोडीचा उतार. चाचांना रामन यांचं नाव ठाऊक होतं, निबंध नव्हता. मी सांगितलं तेव्हा त्यांनी कानस खाली ठेवून नीट ऐकून घेतलं.

इथेच मला रायलींची पुढची गोष्ट पहिल्यांदा खरी वाटली. त्यांची कारकीर्द वाचताना एक वळण मला नेहमी अडखळवायचं. कॅलिफोर्नियातल्या कोलफॅक्सचा, १९३५ साली जन्मलेला मुलगा, बर्कलीच्या विद्यापीठातून १९६१ साली रचनेत एम.ए. होतो, पोटासाठी बारमध्ये पियानो वाजवतो, दोन टेपरेकॉर्डर जोडून आपलाच आवाज उशिरानं आपल्यावर परत आणायचं तंत्र उभं करतो, ‘इन सी’ लिहितो. ते १९६८ साली कोलंबियाच्या रेकॉर्डवर येतं, पुढच्या वर्षी ‘रेनबो’ येतं. इतकं नाव होतं की ‘द हू’ या इंग्लिश बँडनं १९७१ साली एका गाण्याच्या नावात दोन माणसं एकत्र आणली, एक आपल्या नगरजवळच्या मेहेराबादचे मेहेरबाबा, दुसरे रायली. आणि नेमक्या या भरात, १९७० साली, हा पस्तिशीचा माणूस पंडित प्राणनाथ यांचा शिष्य होतो, त्यांच्याबरोबर भारतात येतो आणि सा लावायला शिकतो. पुढे गुरूंच्या मागे बसून तानपुरा छेडतो, कधी तबला धरतो. १९९६ साली गुरू जाईपर्यंत, सव्वीस वर्षं.

लोक याला त्याग म्हणतात. चौदाव्या वेळी चढवलेली ती खर्जाची तार ऐकली तेव्हा मला वाटलं, यात सोडण्यासारखं काय होतं? त्यांना हवं होतं तेच मिळालं होतं. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा होत राहते आणि दर वेळी तिच्यातून नवं काही निघतं, हे त्यांनी कागदावर ५३ तुकड्यांत मांडलं होतं. तानपुऱ्यात तेच चार तारांत होतं.

प्राणनाथ किराणा घराण्याचे. जन्म १९१८चा, लाहोरचा. गुरू अब्दुल वहीद खाँ, ज्यांना बहिरे वहीद खाँ म्हणत. आणि त्यांचे आप्त, त्याच घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब आमच्या मिरजेत राहिले. १९३७च्या ऑक्टोबरात दक्षिणेच्या प्रवासात सिंगपेरुमाळकोइल स्टेशनवर त्यांचा अंत झाला आणि दफन मिरजेत, ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या आवारात झालं. उरुसात तिथे त्यांच्या नावानं गाणं होतं, आई आम्हाला लहानपणी न्यायची. खाँसाहेबांना जवारीचं काम स्वतःला येत होतं, असं गल्लीत अजून सांगतात. चाचांच्या आजोबांच्या तोंडची गोष्ट अशी की खाँसाहेब तानपुरा घ्यायला आले की कारागिराशेजारी मांडी घालून बसत आणि कानस मागून घेत. खरं-खोटं कोण जाणे, पण ज्या गल्लीत ही गोष्ट सांगितली जाते तिथे माझ्या आईचा तानपुरा उघडा पडला होता आणि त्यावर मी अमेरिकेतल्या माणसाची रचना वाजवायला निघाले होते. फेरा पूर्ण झाल्यासारखं वाटलं.

आता तक्रार. दहा दिवसांचे चोवीस झाले. फोन उचलला जात नाही, आणि उचलला तर "उद्या या" होतं. विश्रामबागेतून मिरज जवळ आहे म्हणून मला चाललं. सोलापूर-कोल्हापूरहून येणाऱ्यानं आधी पक्कं केल्याशिवाय निघू नये. उशिराचं कारण खरं होतं: आधी व्हार्निश उतरवावं लागलं, भोपळ्याची चीर आतून कापडाच्या पट्टीनं सांधली ती नीट वाळू द्यावी लागली, मग वर चपडा लाखेचं पॉलिश, एकावर एक हात. पावसाळी हवेत ते लवकर सुकत नाही. पण हे पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं. मुलांचा कार्यक्रम ठरलेला होता आणि मी चार रात्री नीट झोपले नाही. जवारीसाठी मी या दुकानाला पाचपैकी पाच देईन, वेळ पाळण्यासाठी दोन.

बिल हातानं लिहिलेलं, कलमवार. चीर १,८००, जुनं व्हार्निश उतरवून पॉलिश २,२००, तारा आणि जवारी १,७००, एक खुंटी नवी ५००. एकूण ६,२००. पैसे मोबाइलवरून घेतात. पॉलिशचा रंग जुन्यापेक्षा थोडा गडद आला आहे. आईला खटकला, मला नाही. दांडीवरची नक्षी हात न लावता तशीच ठेवली आहे, एक पान निघालेलं होतं ते मागितल्यावरही बदललं नाही. "जुनं हाय ते ऱ्हाऊ द्या."

घरी आणल्यावर आईनं तो मांडीवर घेतला नाही, खुर्चीत बसून मला छेडायला सांगितलं. आईचं वय अठ्ठ्याहत्तर. पंचम, जोड, जोड (मधल्या दोन एकाच सुराच्या तारा), खर्ज. पंधरा मिनिटं काही बोलली नाही. मग म्हणाली, "जोडाच्या तारा सख्ख्या बहिणी पाहिजेत. ही दुसरी सावत्र आहे." मला फरक कळत नव्हता. ट्यूनर लावला, दोन्ही तारा सुरात. तिसऱ्या दिवशी तानपुरा घेऊन परत गेले आणि आईचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. चाचांनी दोन्ही तारा डोळे मिटून सात-आठदा छेडल्या. "आईचा कान बराबर हाय," म्हणाले. सूर जुळलेला होता, जवारी जुळलेली नव्हती. एक तार लवकर फुलत होती, दुसरी उशिरा. चाळीस मिनिटं काम केलं, पैसे घेतले नाहीत, उलट आईंना सलाम सांगा म्हणाले. आता मलाही तो फरक ऐकू येतो. जोडाच्या दोन तारा एकामागून एक छेडल्या की दोन तारा वाटतच नाहीत, एकच तार दोनदा श्वास घेते.

नव्या खुंटीनं पहिला आठवडाभर त्रास दिला, रात्री लावलेला पंचम सकाळी उतरलेला असायचा. खडू लावून बसवल्यावर थांबली. मणी मात्र गुळगुळीत चालतात, बारीक सूर लावायला अडचण येत नाही.

तालमींची गोष्ट सांगितल्याशिवाय ही दुरुस्ती किती चांगली झाली ते कळणार नाही. सगळे कीबोर्ड बटणानं काळी चारवर आणले, हार्मोनियम दोन, दोन्ही स्केल चेंजर, म्हणजे पट्टी सरकवता येणाऱ्या. पहिला तुकडा सुरू झाला, सा-ग, सा-ग, आणि खाली तानपुरा. काहीतरी चरचरत होतं. मुलं माझ्याकडे बघायला लागली. मला लगेच कळलं आणि वाईटही वाटलं, कारण हा गंधार मीच मुलांना बावीस वर्षं शिकवत आले आहे. कीबोर्डचा गंधार षड्जापासून ४०० सेंटवर असतो (सबंध सप्तक १२०० सेंटचं धरतात), कारण सप्तकाचे बारा सारखे तुकडे पाडलेले असतात. तारेतून आपोआप निघणारा गंधार ३८६वर. चौदा सेंटचा फरक. एरवी तो कानाआड होतो. पण चाचांनी इतका स्वच्छ गंधार मोकळा केला होता की आमचा खोटा गंधार त्याच्यावर घासत होता.

आमच्या भागात हा झगडा शंभर वर्षांहून जुना आहे, हे मुलांना सांगताना मला अभिमान वाटला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर, यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांवर, इंग्रजीत पुस्तक लिहिलं. त्यांच्या जोडीला ई. क्लेमंट्स हे इंग्रज न्यायाधीश होते, त्यांचं पुस्तक १९१३चं. श्रुतींची हार्मोनियम करण्यापर्यंत हे लोक गेले, आणि त्यांच्या मोजमापांना करीम खाँसाहेबांच्या गळ्याचा आधार होता. बावीसच का, आणि त्या नेमक्या कुठे, यावर वाद झाले आणि होत राहतील. पण पेटीचा गंधार तारेच्या गंधाराशी जुळत नाही हे त्यांनी आमच्या गावात बसून आकड्यांत दाखवलं. रायलीही पुढे त्याच वाटेनं गेले. १९८०च्या ‘श्री कॅमल’मध्ये त्यांनी ऑर्गन शुद्ध गुणोत्तरांत लावून घेतला, १९८६च्या ‘द हार्प ऑफ न्यू अल्बियन’साठी सबंध पियानोच तसा लावला.

आम्ही आमच्यापुरता उपाय केला. तीन कीबोर्डांवर प्रत्येक पट्टीचा सूर वेगळा हलवता येतो, त्यांवर गंधार चौदा सेंट उतरवला. चरचर एकदम थांबली. दहावीतली एक मुलगी म्हणाली, "टीचर, आवाज कमी झाला का?" कमी झाला नव्हता, मिसळला होता. हार्मोनियमचा गंधार हलत नाही, म्हणून त्या दोघांना गंधाराच्या तुकड्यांवर कमी रेंगाळायला सांगितलं. उरलेले कीबोर्ड साधे, ते ठेक्याला आणि पंचमाच्या तुकड्यांना दिले.

कार्यक्रमात ‘इन सी’ बावन्न मिनिटं चाललं. अकरा मुलं, तानपुऱ्यावर मी. पहिली दहा मिनिटं पालक मोबाइल बघत होते, ते अपेक्षितच होतं. तीव्र मध्यम आला तेव्हा पुढच्या रांगेतले एक आजोबा सरळ होऊन बसले. पस्तिसाव्या तुकड्यापाशी सगळे एकदम अडकले. तो सगळ्यांत लांब आहे, प्रत्येकाला तो पुरता वाजवायचा असतो. मी काहीच खूण केली नाही, पोरांनी आपली आपण वाट काढली. सातवीतला सर्वांत लाजरा मुलगा पुढे सरकला आणि बाकीचे त्याच्या मागे गेले. रायली गुरूंकडे गेल्यावर बरीच वर्षं त्यांनी कागदावर लिहिणं जवळजवळ सोडलं होतं. मिल्स कॉलेजात शिकवत असताना क्रोनोस या तंतुवाद्यांच्या चौकडीचे डेव्हिड हॅरिंग्टन मागे लागले, तेव्हा १९८०च्या सुमारास त्यांनी पुन्हा लेखणी धरली, आणि त्यातून ‘सलोमी डान्सेस फॉर पीस’सारखं दोन तासांचं काम आणि नासाच्या यानांनी टिपलेल्या आवाजांवरचं २००२चं ‘सन रिंग्ज’ निघालं. त्या लाजऱ्या मुलाला पुढे सरकताना पाहून मला वाटलं, लिहिणं सोडलेल्या माणसानं काय राखून ठेवलं होतं ते हेच असणार. नव्वदी गाठलेले रायली आता जपानात राहतात आणि तिथे लोकांना राग शिकवतात.

शेवटचा तुकडा गाठला की एकेकानं थांबायचं असतं. मुलं एकेक थांबत गेली आणि खाली फक्त तानपुरा उरला. मी चार आवर्तनं जास्त छेडली. आई तिसऱ्या रांगेत होती, तिनं मान हलवली नाही, डोळे मिटलेले होते. घरी आल्यावर म्हणाली, खर्ज अजून थोडा खुलेल.

मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, याचा आनंद सगळ्या जिल्ह्याला झाला आणि मलाही. पण मानांकन नव्या वाद्याला मिळतं. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यानं, फरीदसाहेबांनी, दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी पटवर्धन संस्थानिकांच्या मिरजेत सतारीचं काम उभं केलं, आणि ती कानसच आज चाचांच्या हातात आहे. त्यांच्या दुकानात शिकायला बसलेला एकच मुलगा मी पाहिला, पुतण्या, वय वीसच्या आतबाहेर. तो तारा चढवतो, पॉलिश करतो, घोडीला अजून हात लावू देत नाहीत. किती दिवस, विचारलं. चाचा म्हणाले, त्याला जोडाचा फरक ऐकू येईपर्यंत.

जाणाऱ्यांसाठी: वाद्य गवसणीत न्या, जुन्या तारा काढू नका, कारण तारांच्या रेघांवरून त्यांना घोडीचा इतिहास कळतो. तुमची पट्टी नक्की सांगा, आणि गाणाऱ्या माणसाला शक्य असेल तर बरोबर न्या. मुदत सांगतील तिच्या दुप्पट धरा. घरी नेल्यावर चार-सहा महिन्यांनी तारा बसतात आणि घोडीवर पुन्हा रेघा पडतात, तेव्हा एकदा हलका हात फिरवावा लागतो. मला दिवाळीनंतर बोलावलंय. या वेळी आईही येणार आहे, तिला पुतण्याचा कान तपासायचा आहे.